बेट डावीकडे ठेवून

बॅलार्ड इस्टेटच्या तिसऱ्या माळ्यावर
माझ्या टेबलाच्या काचेखाली एक बेट आहे.
तांदळाच्या कणीएवढं.
नावातल्या एका अक्षरावर पाखरू बसलेलं,
उच्चार मला अजून जमत नाही.

बावीस वर्षं मी त्याची दुरुस्ती करते.
गुरुवारी सूचना येतात:
दिव्याचा उजेड दोन मैलांनी कमी,
दक्षिणेला खडक, नुसता फेस दिसतो.
मी किरमिजी शाई घेते, बारीक निब,
जुना आकडा एका रेघेनं खोडते.
खरवडायचा नाही,
आधी काय चुकलं होतं तेही वाचता आलं पाहिजे.
खाली डाव्या कोपऱ्यात तारीख.

भोवती शंभर वाव पाणी.
वारे दोनच:
ईशान्येचा, डोंगरावरून कोसळणारा, कोरडा;
आग्नेयेचा ओला, तीन-तीन दिवस मुक्कामाला.
वस्ती: दिवेवाले दोघं. विहीर नाही.

आणि जहाजांची वाट.
उत्तरेला चढणाऱ्यांनी पूर्वेच्या अंगानं जावं,
उतरणाऱ्यांनी पश्चिमेच्या.
म्हणजे जाणारा असो की येणारा,
त्याला डावीकडेच ठेवतो.
हे माझ्या लक्षात आलं अठराव्या वर्षी.
आपल्या भाषेत यालाच डावलणं म्हणतात
हे त्याच संध्याकाळी,
बढतीची यादी लागली तेव्हा.

कप्तान मुकादम तिथून सात वेळा गेलेत.
कसं आहे हो बेट?
त्यांनी चहा बशीत ओतला.
"नेहमी रात्रीच गेलो. एक चमक,
मग सतरापर्यंत मोजायचं, परत चमक.
मोजणारा माणूस बेट बघत नाही, बाई."

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची शेवटची लाँच.
क्रॉस आयलंड डावीकडे:
पडकी तटबंदी, झाडीत बगळे, ओहोटीचा चिखल.
जोमा तांडेल तिकडे मान वळवत नाही.
गाळ किती चढलाय
ते त्याला इंजिनाच्या आवाजावरून कळतं.
त्याच्या दुरुस्त्या कुठंच लिहिलेल्या नाहीत.

सकाळी मात्र ते उजवीकडे येतं.
मी त्या बाजूला बसते, ऊन लागलं तरी.

काल तिकिटाच्या पाठीवर काढलं,
बेट, आणि त्याच्या टोकाचा खडक.
किरमिजी नव्हती, बॉलपेनानंच.
जोमाला दाखवलं.
त्यानं सुकाणूवरचा एक हात काढला,
ओलं बोट ठेवलं कागदावर.
"खरक अजून अलीकरं हाय गो बाय."

मी एका रेघेनं खोडला.