टोकांना ताण नको

निळी पट्टी. पाच सेंटिमीटर रुंद. माणसांची.
घोड्यांसाठी दुप्पट रुंदीची मिळते,
पण ती माँतेविदेओहून मागवायची,
आणि आमच्याकडे बस शुक्रवारीच येते.
म्हणून मी दोन पट्ट्या शेजारी-शेजारी लावते
निएब्लाच्या पाठीवर.

आधी ब्रश. मग ओलं फडकं. मग
अंग वाळेपर्यंत नुसतं थांबणं.
एलेउतेरिओ तोवर तुंबडीत माते भरतो,
नळीने एक घोट ओढतो, माझ्याकडे देतो,
आणि रोजचंच विचारतो,
"निबिया, खरंच लागू पडतं का गं हे?"

मी कात्रीने पट्टीचे कोपरे गोल करते.
टोकदार कोपरा आधी सुटतो.
आमच्या घरात याची उदाहरणं आहेत.

पहिली चार बोटं बिनताणाची,
शेवटची चार बोटं बिनताणाची.
ओढायचं ते मधल्यामध्ये, आणि तेही
पाहुण्याला आग्रह करावा इतपतच.
मग तळव्याने चोळायचं, केसांच्या कलाने.
गोंद उबेने जागा होतो.

म्हणतात, पट्टी कातडीला केसभर वर उचलते
आणि आत काहीतरी वाहू लागतं.
मी ते वाहताना पाहिलेलं नाही.
पाहिलं ते एवढंच :
तिची मान खाली आली,
खालचा ओठ लोंबू लागला,
मागचा एक खूर टोकावर टेकून
ती उभ्या-उभ्या कुठेतरी निघून गेली.

माशी बसली की घोडी तेवढीच कातडी थरथरवते,
तेवढीच, नाण्याएवढी.
माणसाला ही सोय नाही.
आमच्यावर जे बसतं
ते बसूनच राहतं.

गेल्या ऑगस्टात निलगिरीच्या रांगेपाशी
तो तारेच्या कुंपणावर पडला.
"काही नाही," म्हणाला. तेव्हापासून
डावं कूल्हं चोरून बसतो,
जरासाच, सुपारीएवढा तिरका.
आणि अकरा महिन्यांनी
घोडीची उजवी पाठ फळीसारखी.
मी तिची पाठ चाचपत होते
आणि बोटांना सापडत होता माझा भाऊ.

"शर्ट काढ."
"माझं काय? दुखतंय तिला."
"काढ."

घोडीचे केस भादरावे लागत नाहीत. त्याचे लागले.
ती एकदाही हलली नाही. तो पाच वेळा हलला.
एकाच रिळातली पट्टी, तीच कात्री,
तीच चार-चार बोटं सैल.
त्याच्या कंबरेत अंगठा रुतवला, तशी
तिने एक कान मागे फिरवला.
योगायोग असेल.
माशीही असेल.

रविवारी नव्वद किलोमीटर.
पंचांचा नियम : घोड्याच्या अंगावर पट्टी चालणार नाही.
स्वाराच्या अंगावर चालेल.
पहाटे चार वाजता, मोबाइलच्या उजेडात,
एका हाताने कातडी धरून
दुसऱ्याने मी तिची सोलत गेले, हळूहळू,
भिंतीवरचं जुनं पत्रक काढावं तशी.

"माझीही काढ."
"तुला चालते की."
"माहीत आहे."

कडाक्याची थंडी. त्याने कुमारी मातेला हाक मारली,
मग तिची माफी मागितली.
पाठीवर दोन फिक्या आयतांचे ठसे राहिले.
मग तो वर चढला, आणि मी मागून पाहिलं :
खांदे जवळजवळ सरळ.
जवळजवळ, म्हटलं मी.

कितवे आले ते विचारू नका.
दोघं आले, चालत आले,
आणि पशुवैद्याने घोडीच्या पाठीवर बोटं दाबली
तेव्हा ती दचकली नाही.

संध्याकाळी खिशात हात घातला, तर
पट्ट्यांचा एकच गोळा झालेला,
गोंदाला गोंद चिकटून.
आत करडे, पांढरे केस.
कोणते तिचे, कोणते त्याचे,
दिव्याखाली धरूनही कळेना.

बसवाल्याला निरोप दिला आहे :
शुक्रवारी दोन रिळं.
रुंद नको, म्हटलं.
हीच.