चेहरा ओळखू येईल इतका उजेड

लिंकनच्या कोर्टात न्यायमूर्ती म्हणाले,
रात्र म्हणजे काय, ते आधी पाहू.
आम्ही बाराजण बाकांवर अवघडून बसलेले,
एक खाटीक, दोन विणकर, मी पाववाला,
आणि रात्र म्हणजे काय, हे आम्हाला
आजवर कुणी विचारलं नव्हतं.

सूर्याच्या उरल्यासुरल्या उजेडात
माणसाचा चेहरा ओळखू येतो, तोवर दिवस.
येईनासा झाला, की रात्र.
चंद्राचा उजेड धरायचा नाही.
चोराच्या मनात चांदणं असतं म्हणे;
कायद्याच्या मनात ते मुळीच नसतं.

पिंजऱ्यात डॉर्कस ब्लिथ. वय एकोणीस.
गार्मस्टन लोकरवाल्याकडची मोलकरीण,
नोव्हेंबरात काढून टाकलेली.
तिची शाल त्यांनी ठेवून घेतली, फुटल्या बशीच्या भरपाईत.
ती परत गेली. मागल्या दाराची कडी उचलली.
शाल घेतली.
शालीच्या घडीत चांदीचा चमचाही निघाला.

आरोप घरफोडीचा.
फुटलं तर काहीच नव्हतं.
न्यायमूर्ती म्हणाले, कडी उचलणं म्हणजेच फोडणं.
दार सताड उघडं असतं, तर नाही.
धुराड्यातून उतरलात, तर फोडणंच,
कारण धुराडं याहून जास्त बंद करता येत नाही.
आणि आत शिरणं? एक बोट पुरे.
खाटकाने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

घर दुसऱ्याचं हवं, राहतं हवं.
तीन वर्षं ती त्याच घराच्या जिन्याखाली झोपली होती.

आणि इरादा. तो उंबरठा ओलांडतानाच मनात हवा,
आत गेल्यावर सुचलेलं चालत नाही.
डॉर्कस म्हणाली, थंडी वाजत होती.
चमच्याबद्दल ती काहीच बोलली नाही.

रात्र असेल तर फास.
दिवस असेल, आणि माल आम्ही स्वस्तात धरला,
तर चाबकावर भागतं.

शेजारचा जोसाया पेल साक्षीला आला.
कुंपणापलीकडून ओळखलं मी. हीच ती.
चेहरा दिसला?
स्वच्छ.
कोर्ट गप्प झालं. आपण काय बोलून बसलो
ते पेलला जरा उशिरा कळलं.
मग घाईघाईने म्हणाला, चंद्र होता, बर्फ होतं.

मी पहाटे तीनला भट्टी पेटवतो.
काळोख मला पिठासारखा हाताला कळतो.
त्या संध्याकाळी, त्याच वेळेला
मी दुकानाच्या फळ्या लावत होतो,
आणि समोरचा चेहरा न ओळखता
भलत्यालाच उधारीवर पाव देऊन बसलो होतो.
रात्र होती. पक्की रात्र.

आतल्या खोलीत थोरला विणकर म्हणाला,
पाववाल्या, तुला वेळेचं कळतं, तू सांग.
मी म्हणालो, अजून पाव तास उजेड होता.
कुणी वर पाहिलं नाही.
चमचा आम्ही दहा पेन्सांचा ठरवला.

शपथ घेतलेल्या आम्ही बाराजणांनी
कडी उचलली, आपली नसलेल्या रात्रीत शिरलो,
आणि इरादा तर
बाहेर असतानाच मनात होता.

अकरा वर्षं झाली. चाबकानंतर डॉर्कस
कुठल्या रस्त्याने गेली, ठाऊक नाही.
डिसेंबरात तिन्हीसांजेला मी दिवा लावू देत नाही.
बायको विचारते, काय बघतोस एवढं?
तुझा चेहरा, म्हणतो.
हलू नकोस.
अजून ओळखू येतोय.