एकास पस्तीस

नंदलालपुऱ्यात, भाजी मंडीच्या वरच्या मजल्यावर
मी लोकांचे दात बनवतो.
खाली मेथीच्या जुड्या, वर माझ्या:
अठ्ठावीसच्या, चौदाच्या, कधी पुढचे नुसते चार.
सात वाजले की डॉक्टर मंडळींचे फोन थांबतात
आणि मी तोच ब्रश, तोच चाकू, तीच सुई घेऊन
रणगाडे करायला बसतो.

घरी म्हणतात, पन्नाशीत खेळणी?
मी म्हणतो, खेळणी चालतात. ही चालत नाहीत.
एकास पस्तीस. माणूस करंगळीएवढा,
त्याची बंदूक काडेपेटीतल्या काडीहून लहान,
आणि पट्ट्याची एकेक कडी
नखावर धरून, श्वास रोखून घासायची.
एका बाजूला नव्वद. मग दुसरी बाजू.

हवालदार खळतकरांची कवळी मीच केली होती.
दोन वर्षांत उजवीकडची दाढ सपाट.
पुन्हा केली. पुन्हा सपाट.
"रात्री काढून पाण्यात ठेवत जा, हवालदार."
"नाही ठेवत," म्हणाले.
"रात्री हाक आली तर
बोबडं ओ देऊ का?"

त्या दिवशी त्यांची नजर फळीवर गेली.
माझे सहा रणगाडे त्यांनी एकेक करून
चष्मा कपाळावर चढवून पाहिले,
घोड्याचे दात बघावेत तसे.
"सगळे धडधाकट," म्हणाले.
"आमच्याकडे असे कधी आलेच नाहीत.
बिघडलेले ओढून आणायची आमची गाडी.
ती करा."

तिचा संच मला कुठे मिळाला नाही.
तोफ नसलेली गाडी कोण विकत घेऊन राहिलंय?
मग टूथब्रशच्या दांड्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं,
क्रेनला छत्रीची तार,
आणि उरलेलं सगळं कवळीच्या गुलाबी ॲक्रिलिकचं.
हिरवा रंग चढेपर्यंत दोन आठवडे
हिरड्यांच्या रंगाची एक लष्करी गाडी
माझ्या टेबलावर उभी होती.

दर गुरुवारी महूच्या बसने येऊन चुका काढायचे.
विंच डावीकडे.
पाना बाहेर नाही, सीटखाली, नाहीतर चोरतात.
शिडीची तिसरी पायरी वाकलेली.
कशाने वाकली ते मी विचारलं नाही.
चिखलासाठी मी काळी माती वस्त्रगाळ केली होती.
"ही आपली, माळव्याची. तिकडची अशी नव्हती."
कशी होती?
बराच वेळ नुसते बसले.
मग बशीत सांडलेल्या चहात बोट बुडवून
चाकावरून वर ओढलं.
"अशी. आणि इथवर."
इथवर म्हणजे दाराच्या कडीपर्यंत.

राहिला दोर.
शिवणाचा दोरा मेण लावून पिळला, विचारलं,
मागे कुठला रणगाडा जोडू?
एक तयारच होता, झाकण उघडं,
आतला अंधार मी मन लावून रंगवलेला.
त्यांनी तो उचलला. आत पाहिलं न पाहिलंसं केलं,
झाकण लावलं, फळीवर होता तिथे ठेवला.
"दोर नुसता ताणलेला दाखवा."

नुसता ताण दाखवणं
सहा रणगाड्यांहून अवघड निघालं.
जरा ढिला पडला की गाडी उभी वाटते,
फार ओढला की तार वाकते.
चौथ्या रात्री तो पाटाच्या कडेपर्यंत नेला,
कडेवरून खाली वळवला, तळाशी खिळ्याला बांधला.
वरून बघणाऱ्याला वाटतं
पलीकडे काहीतरी जड आहे.

बिस्किटांच्या खोक्यात घालून नेली त्यांनी.
सरवटे स्टँडवर मी सोडायला गेलो.
कंडक्टर म्हणाला, सामान वर ठेवा.
हे म्हणाले, हलेल,
आणि खोकं मांडीवर घेऊन खिडकीशी बसले.
बस सुरू झाल्यावर वाकून मला म्हणाले,
"पुढच्या कवळीत ती उजवी दाढ
जरा उंच करा.
झिजायला जागा पाहिजे."