सोडण्याचे कारण

सीडर फॉल्स, आयोवा. मे महिना, तरी हीटर चालू.
रजिस्ट्रारच्या ऑफिसात तीन नंबरच्या खिडकीशी
गॅरेट डायक्स्ट्रा: एकशे सत्तावन्न पौंडांचा पैलवान,
कान मोडलेले.
आमच्या बाजूला असता
तर नाव विचारायच्या आधी कुणी दूध पाजलं असतं.

त्याला पदवीचा दाखला हवाय, आजच.
त्या वर्षीचा नियम असा:
एकदा कॉलेज बदललं तर माफ.
दुसऱ्यांदा बदललं तर वर्षभर बाकावर.
पदवी हातात असेल, तर मात्र उतर मॅटवर.

मागे गाडीची किल्ली फिरवत लूकस नोव्हाक,
त्याचा रूममेट. हाही दुसऱ्यांदाच निघालेला.
अकाउंटिंगला दोनदा गचकला;
पहाटे तीनपासून बेकरीत पीठ मळायचा.
कोच गेला मार्चमध्येच,
स्पर्धा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, मेसेज टाकून.
तिसरं कॉलेज त्याचं.
बाक कसला, त्याला घर दिलं म्हणे तिकडे, तळ्याकाठी.

माझे वडील पाटबंधारे खात्यात.
गेवराई, निलंगा, मग पुसद.
दर दाखल्यावर हेडमास्तरांचं तेच वळणदार अक्षर:
वर्तणूक चांगली. प्रगती समाधानकारक.
शाळा सोडण्याचे कारण: वडिलांची बदली.
दर शाळेत खो-खोच्या सर म्हणायच्या,
नवीन आहेस ना, बस.
पुसदला वर्षभर रेघेबाहेर बसले,
चपला राखत.
नियम कुठे लिहिलेला नव्हता.
खो मिळायला आधी रांगेत तर घ्यावं लागतं.

गॅरेटचा भूगर्भशास्त्राचा एक ग्रेड आला नव्हता.
प्राध्यापक कुठल्याशा दरीत दगड मोजत होते.
मी चार फोन केले.
माझं काम नव्हतं ते.
पाच वाजायला वीस मिनिटं असताना 'बी मायनस' आला.
शिक्का मारला.
कारणाचा रकाना इथल्या फॉर्मवर नसतोच,
तरी माझं पेन तिथे, नसलेल्या ओळीवर,
थोडं थांबलं.

गॅरेट थँक्यू म्हणाला आणि हलेना.
'याचं काही...?'
मी मान हलवली. ती हो-नाहीच्या मधली
आपली मान, त्यांना कळत नाही.

लूकसने मग स्वतःच विचारलं,
'समर टर्मची नोंदणी अजून चालू आहे का?
अकाउंटिंग.'
एक नंबरची खिडकी, मी म्हटलं, टोकन घ्यावं लागेल.
त्याने घेतलं. सेहेचाळीस.
वर लाल आकडा एकोणतीस.
गॅरेटने किल्ली मागितली नाही.
दोघे जाऊन बाकावर बसले.