वजनात बदल नाही

वसमतच्या कॉलेजात भट्टी होती एकच.
साडेनऊशेच्या वर काटा जायचा नाही,
आणि तिथं पोचेपर्यंत
गावची लाइट दोनदा जायची.

वट्टमवार मॅडमनी खडूचा तुकडा दिला मला.
कुटला, चाळला, तोलला :
एक ग्रॅम बहात्तर.
दोनशे अंशांच्या आतबाहेरच पाणी सोडलं त्यानं,
निमूट,
कुणी मागण्याआधीच देऊन टाकावं तसं.
उरला एक ग्रॅम छत्तीस.
मग काहीच नाही.
पाचशे. आठशे. साडेनऊशे.
मूस लाल, चिमट्याचं टोक लाल,
गार झाल्यावर बघावं तर
आत तो पांढराच.
"लिही," मॅडम म्हणाल्या, "वजनात बदल नाही."

इरबामामा तेव्हा बीकर विसळत होते.
ऊर्ध्वपातित पाणी तेच काढायचे,
अख्ख्या लॅबला पुरेल इतकं,
आणि तहान लागली की
दारातला माठ ओलांडून
खिडकीतल्या आपल्या बाटलीकडं जायचे.
एकवीस वर्षं.
मला दिसायचं ते. वहीत त्याला रकाना नव्हता.
मूस उचलता उचलता म्हणाले,
"तापिवलं म्हून समदंच बोलतंय व्हय, पोरी?
ज्याची त्याची आग येगळी आस्ती."

आता जालन्यात, एमआयडीसीत,
सळ्यांच्या कारखान्यात नमुने तपासते मी.
रात्रपाळीला नळीची भट्टी मोकळी असते.
परवा वसमतहून फोन आला,
इरबामामा गेले.
रजा मागितली नाही.
पाळीचा फळा असतो ना दाराशी,
त्याच्या कडेचा खडू तेवढा उचलला.

एक ग्रॅम बहात्तर.
बाराशेपर्यंत तोच हट्ट.
मी चहा पिऊन आले.
बाहेर भंगाराचा ट्रक रिकामा होत होता,
कुणाच्या तरी सायकली, कुणाचं तरी फाटक.
तेराशे पन्नासला आधी वास आला,
नुकत्या ओढलेल्या आगकाडीचा,
घशात ओरखडा काढणारा.
त्याच्यासोबत प्राणवायूही सुटत होता,
त्याला वास नसतो.
डोळ्यांत पाणी आलं.
ते वायूचं. तशी नोंद केली आहे.

पहाटे तोललं :
छप्पन्न सेंटिग्रॅम, आणि वर किंचित.
बाजारच्या खडूत भेसळ असतेच,
हिशेब तंतोतंत जुळत नाही.
मुशीच्या तळाशी चुनकळी होती,
मामांच्या पितळी डबीतला चुना
भिजण्याआधी असतो तशी.

पिपेटनं एक थेंब सोडला.
सुसकारली. फुगली. भेगाळली.
मूस हाताला चटका देऊ लागली
भट्टीपासून इतक्या लांब.
आणि सुरुवातीला
किती मुकाट दिलं होतं यानं आपलं पाणी.

वहीत तारीख घातली.
पट्टी घेतली
आणि एक रकाना जास्तीचा आखला.