तीन वर्षांची जमीन

कीरिया देस्पिना आधी कॉफी विचारते,
मग चष्मा पुसून टेबलावर एक कागद सरकवते,
प्लास्टिक घातलेला, खानावळीतल्या दरपत्रकासारखा.
पुरायचं तर इथेच, कव्हालात.
जाळायचं तर गाडी दक्षिणेला न्यावी लागेल,
सहा तासांचा रस्ता, टोल वेगळा.

"जमीन तीन वर्षांसाठी," ती सांगते.
"मग उकरून काढायचं. मुदत वाढवून मिळते,
पण भाडं दरवर्षी चढतं."
घरमालकीण बोलेल तसं बोलते, आवाज न चढवता.
मी मान हलवते. मला ठाऊक आहे.
आईची तीन वर्षं या मे महिन्यात भरतात.

"आणि आपली माती चिकट," ती पुढे म्हणते,
"कधीकधी तेवढ्यात काम होत नाही.
कच्चं निघालं तर पुन्हा झाकून ठेवतो,
आणखी दोन वर्षं."
मला हसू येतं. आवरत नाही.
पावाबद्दल बाबा अगदी हेच म्हणायचे.
कच्चा आहे, झाक, घाई कुणाला आहे?

फोनवर भाऊ. मेलबर्नला मध्यरात्र.
"जाळून टाकू ना, स्तामातिया.
राख दोघांत वाटू. अर्धी मी घेऊन येतो इकडे."
अर्धी म्हणजे कशी, लेफ्तेरी?
दुकानातल्या तराजूवर तोलून?
तो तराजू नेहमी गिऱ्हाइकाकडे झुकायचा,
त्याच्या हिशेबाने आपल्या दोघांना कमीच पडेल.

फादर प्रोकोपिओस दारातच उभे राहिले होते काल.
जाळलं तर मला प्रार्थना म्हणता येणार नाही, म्हणाले.
मी म्हटलं, बत्तीस वर्षं दर शनिवारी
प्रसादाचा पाव कुणाच्या भट्टीतून आला?
ते बुटांकडे बघत राहिले.
"खाल्लाय मी तो पाव," म्हणाले, "पण नियम माझा नाही."

शेजारची आर्गिरो म्हणते,
भट्टीवाला माणूस, त्याला आगीची कसली भीती.
तिचा नवरा म्हणतो, चाळीस वर्षं भाजला बिचारा,
आता तरी गारव्याला ठेवा.
जो तो बाबांच्या वतीने बोलतोय.
बाबा मात्र बोलले नाहीत.
विषय निघाला की हात पिठात घालायचे.

मी सगळं शोधलं. पिठाच्या डब्यामागे एक वही होती.
वाटलं, यात असेल.
उधारी निघाली नुसती. कोणाचे किती पाव राहिले,
किती जण मेले, किती गाव सोडून गेले.
एका ओळीवर माझं नाव:
स्तामातिया, तिळाचं कडं, एक.
पैसे लावलेले नव्हते. खोडलंही नव्हतं.

नऊ वर्षांची असताना तापल्या पत्र्याला हात लावला होता मी.
बाबांनी मळलेल्या पिठाचा गोळा उचलून
माझ्या तळव्यावर थापला, वरून आपला हात दाबून धरला.
ओरडले नाहीत. नळाकडेही नेलं नाही.
गार, जड, थोडं आंबूस.
आग हळूहळू उतरत गेली
आणि हात कुणाचा, पीठ कुठलं, ते कळेना.

म्हणून असेल. किंवा फक्त
सहा तासांचा रस्ता नको म्हणून असेल.
मी पहिल्या ओळीवर बोट ठेवते.

लेफ्तेरीला सांगते, तीन वर्षांनी ये.
दोघं मिळून सावडू.
हाडं वाइनने धुवायची असतात,
तू ओत, मी पुसते.
अर्धं मागू नकोस तेव्हा.
तो काही बोलत नाही. मेलबर्नमध्ये कुठेतरी
कुत्रं भुंकतं, ते ऐकू येतं.

कॉफी गार झालीय. देस्पिना फॉर्म भरतेय.
"कपडे कुठले?"
सूट आहे एक, लग्नातला, आता पोटावर बसणार नाही.
"पांढरा एप्रन चालेल का?"
ती मान वर करत नाही, लिहीतच राहते.
"चालेल. इस्त्री करून आणा."