बिलाच्या पाठीवर

गॅसच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर
यास्ना हिशेब मांडते.
वालपराइसो ते सांतियागो, पावणेदोन तास,
धुकं नसेल तर.
धुकं असतंच.
मध्ये दोन बोगदे, कासाब्लांकाचे द्राक्षमळे,
जे जाताना अंधारात
आणि जूनमध्ये येतानाही अंधारातच.

तिकडच्या कवळ्यांच्या कारखान्यात पगार दीडपट.
बसभाडं वजा, दुपारचं जेवण वजा,
उरतो (ती दोनदा मोजते)
एका फ्रिजचा हप्ता.

काल रंगीत तालीम केली.
साडेचारला उठली. टेकडीवरची लिफ्ट बंद,
एकशे एकसष्ट पायऱ्या उतरून बस गाठली.
शेजारचा माणूस टाय बांधूनच घोरत होता.
बोगदा आला तशी
डोळे न उघडता त्यानं कूस बदलली,
बोगदा संपल्यावर परत.
ती उरलेला रस्ता त्याच्याकडेच बघत बसली.

वडील जहाजावर आचारी होते,
सात-सात महिने बेपत्ता.
पावावर अवोकाडो चेचत म्हणाले,
"मी यायचो तेव्हा अख्खा यायचो.
तू रोज येशील,
पण सुट्टे पैसे होऊन."
मग मीठ मागितलं.

शुक्रवारपर्यंत कळवायचंय.

लाउतारो जिभेनं दात हलवतोय, खालचा, पुढचा.
"हा पडेल तेव्हा तू कुठे असशील?"
"कधी पडेल त्यावर आहे."
"संध्याकाळी. सातला."

आणि दिवसभर लोकांचे दात घडवणारी ती
खरंच वेळापत्रक उलगडते,
सातच्या रकान्यावर बोट ठेवते.
दुसरा बोगदा.